रेफरन्स चाळीस जमवले, तरी गाइड विचारतात "हे कशाच्या आधारावर?"

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डिझर्टेशनचा विषय आहे मोबाइलचा वापर आणि विद्यार्थ्यांचं लक्ष. लिटरेचर रिव्ह्यूचं चॅप्टर लिहिलं, चाळीस रेफरन्स टाकले, आणि गाइडनी ते परत दिलं. जवळपास प्रत्येक पॅरिग्राफच्या बाजूला लिहिलंय 'हे कशाच्या आधारावर?' ताई, आधार तर दिलाय की! काही वेबसाइट आहेत, काही बातम्या, काही जर्नलचे पेपर. सहा रेफरन्स एआय चॅटबॉटने सुचवले होते, त्यातले दोन कुठेच सापडत नाहीयेत. मैत्रीण म्हणते डॉट ओआरजी आणि डॉट ईडीयूवालं सगळं चालतं आणि पाच वर्षांपेक्षा जुनं काही घ्यायचं नाही. दुसरा मित्र म्हणतो जर्नलमध्ये छापलंय ना मग झालं. त्यात एका जर्नलचा ईमेल आलाय की पैसे भरा, आठवड्यात तुमचा पेपर छापतो. तीन आठवडे उरलेत. भरवशाचा सोर्स ओळखायचा कसा ते नीट सांगाल का? सोबत चॅप्टरचं पहिलं पान पाठवतेय."

अगं, आधी एक सांगते, तुझे गाइड तुझ्यावर चिडलेले नाहीयेत. चॅप्टर न वाचता सही करणारे गाइड असतात, तुझ्या गाइडनी ओळ न् ओळ वाचलीय आणि प्रत्येक ठिकाणी तोच एक प्रश्न विचारलाय, आणि तो प्रश्न बरोबर आहे. रेफरन्स दिला म्हणजे आधार दिला असं होत नाही. रेफरन्स म्हणजे नुसता पत्ता, त्या पत्त्यावर जाऊन बघितलं तर तिथे ती गोष्ट खरंच असायला हवी ना.

तुझं पहिलं पान वाचलं. पहिलंच वाक्य आहे, "संशोधनातून सिद्ध झाले आहे की माणसाची एकाग्रता आता फक्त ८ सेकंद उरली असून ती गोल्डफिशपेक्षाही कमी आहे." पुढे एका न्यूज वेबसाइटचा रेफरन्स. हे एकच वाक्य घेऊन बसूया आपण, कारण तुझ्या चाळीसपैकी निम्म्या रेफरन्सचा आजार या एका वाक्यात दिसतो.

तू दिलेली बातमी उघडली की ती म्हणते मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासात असं आढळलं. ठीक आहे, मग मायक्रोसॉफ्टचा अभ्यास शोधायचा. तो २०१५ चा आहे, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने काढलेला रिपोर्ट, आणि तो काढला होता जाहिरातदारांसाठी, म्हणजे ग्राहकाचं लक्ष कसं वेधायचं हे कंपन्यांना सांगण्यासाठी. आता यात त्यांनी स्वतः काही कामही केलं होतं, साधारण २००० लोकांचा सर्व्हे आणि ११२ लोकांच्या मेंदूची ईईजी चाचणी, त्यामुळे बातमीदारांना वाटलं की ८ सेकंदांचा आकडा याच चाचण्यांतून आला. पण तसं नाहीये. रिपोर्टमध्ये तो आकडा एका ग्राफिकमध्ये आहे, २००० साली १२ सेकंद, २०१३ साली ८ सेकंद, गोल्डफिश ९ सेकंद, आणि खाली सोर्स म्हणून दुसऱ्याच एका वेबसाइटचं नाव आहे, स्टॅटिस्टिक ब्रेन. म्हणजे मायक्रोसॉफ्टने मोजलंच नाही, त्यांनी पण कुठूनतरी उचललं.

मग त्या वेबसाइटकडे कुठून आलं? २०१७ मध्ये बीबीसीने हेच विचारलं. वेबसाइटने ज्या संस्थांची नावं सोर्स म्हणून दिली होती, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमधलं सेंटर आणि असोसिएटेड प्रेस, त्यांच्याकडे बीबीसीने चौकशी केली आणि दोघांनाही असं काही संशोधन आपल्याकडे असल्याची नोंद सापडली नाही. लक्षावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना विचारलं तर त्यांचं म्हणणं, सरासरी एकाग्रता इतके सेकंद असं बोलण्यालाच फारसा अर्थ नाही, काम काय आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. आणि त्या गोल्डफिशचं पण खरं नाही, मासे शिकतात आणि लक्षात ठेवतात, म्हणून तर स्मृतीच्या अभ्यासात संशोधक त्यांचा वापर करतात.

आता बघ काय झालं. शेकडो बातम्या, पुस्तकं, प्रेझेंटेशनं, सगळीकडे ८ सेकंद, आणि माग काढत गेलं तर शेवटी कोणी मोजलेलंच नाही. शंभर जणांनी सांगितलं म्हणजे शंभर पुरावे झाले असं नाही, शंभर जण एकाकडूनच ऐकून बोलत असतील तर पुरावा एकच, आणि इथे तोही नाही. म्हणून सोर्स भरवशाचा आहे का असा मोघम प्रश्न विचारण्याआधी हे विचार: ही गोष्ट पहिल्यांदा कोणी मोजली, कोणावर मोजली, कशी मोजली, आणि मी तिथपर्यंत जाऊन स्वतः वाचलंय का? तुझे गाइड "कशाच्या आधारावर" म्हणतात तेव्हा त्यांना हेच हवंय. बातमीची लिंक नकोय.

तुझ्या पहिल्या पानावर अजून एक आहे, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, करून बघितलेलं ९० टक्के, आणि खाली शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचं नाव. शिक्षणशास्त्राच्या कितीतरी प्रेझेंटेशनमध्ये हे असतं. डेल यांनी १९४६ च्या पुस्तकात अनुभवांचा शंकू, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवणारी आकृती, दिला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हतीच! ते आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. इतके गोल आकडे, १०, २०, ३०, असे ओळीने आले की तिथेच थांबायचं, माणसांवर खरोखर केलेल्या मोजणीत इतकी सुबक शिडी निघत नाही. हे वाक्य काढून टाक.

मित्राच्या म्हणण्याकडे येते, जर्नलमध्ये छापलंय मग झालं. नाही गं. जर्नलमध्ये छापलेलं सगळं संशोधनच असतं असंही नाही, तिथे संपादकांना पत्रं असतात, मतं असतात, पुस्तक परीक्षणं असतात. सगळ्यात वाईट उदाहरण सांगते आणि हे नीट वाच. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अतिशय मान्यवर जर्नलमध्ये दोन संशोधकांचं एक पत्र छापून आलं, पाच वाक्यांचं. हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या ज्या ११,८८२ पेशंटना अफूवर्गीय वेदनाशामक दिली गेली त्यांच्यात, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी, फक्त ४ जणांना व्यसन लागल्याचं नोंदलं गेलं, इतकंच. दाखल पेशंट, डॉक्टरांच्या देखरेखीत. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक शब्द नाही. पण पुढे लोक ते पत्र साइट करत गेले, म्हणजे आपल्या लेखात त्याचा रेफरन्स देत गेले, ही औषधं दिली तरी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजणी केली तर ६०८ ठिकाणी ते पत्र साइट झालेलं निघालं, त्यातल्या ७२ टक्के ठिकाणी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणूनच, आणि ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी हे पेशंट हॉस्पिटलमध्ये दाखल होते हे सांगितलंच नाही. दरम्यान अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने किती माणसं गेली ते तुला माहीत असेलच, त्याला एकटं ते पत्र कारणीभूत नाही पण त्या गैरसमजाला बळ नक्की मिळालं. शेवटी जर्नललाच त्या पत्रावर सूचना टाकावी लागली की हे फार वेळा आणि तपासून न बघता साइट केलं गेलंय.

इथे जर्नल खरं होतं, लेखक खरे होते, आकडे पण खरे होते. चूक कुठे झाली तर साइट करणाऱ्यांनी मूळ पाच वाक्यंसुद्धा वाचली नाहीत, आधीच्या पेपरमधून रेफरन्स उचलून पुढे ढकलला. याचा मला मनापासून राग येतो, कारण पाच वाक्यं वाचायला एक मिनिट लागतं. तेव्हा तुझ्या यादीतला प्रत्येक पेपर तू उघडून वाचलायस का हे आधी स्वतःला विचार. अख्खा वाचायला वेळ नसेल तर निदान मेथडचा भाग, रिझल्टचा भाग आणि शेवटी लेखकांनी आपल्या अभ्यासाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात तो भाग. नुसता ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरच्या सुरुवातीचा सारांश, वाचून साइट करू नकोस, ॲबस्ट्रॅक्टमध्ये निष्कर्ष बऱ्याचदा जरा जोरात सांगितलेले असतात आणि आतमध्ये कळतं की एकाच कॉलेजचे साठ विद्यार्थी घेतले होते, तेही पहिल्या वर्षाचे.

मूळ पेपर मिळतच नसेल आणि दुसऱ्याच्या लेखातूनच माहिती घ्यावी लागत असेल तर तसं सरळ लिही, अमुक यांनी तमुक यांच्या लेखात उद्धृत केल्याप्रमाणे. यात कमीपणा काहीच नाही. न वाचलेला पेपर वाचल्यासारखा दाखवणं मात्र फसवणूक आहे. पण त्याआधी मिळवायचा प्रयत्न कर, पैसे मागणारं पान दिसलं म्हणून लगेच सोडून देऊ नकोस. लायब्ररियनला विचार, त्यांना दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं. अनपेवॉल नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे, कायदेशीर मोफत कॉपी कुठे असेल तर ते दाखवतं. आणि थेट लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाक, बहुतेक संशोधक आनंदाने पीडीएफ पाठवतात, आपलं काम कोणीतरी वाचतंय याचा त्यांना आनंदच असतो.

आता मैत्रिणीचा नियम. डॉट ओआरजी कोणीही विकत घेऊ शकतं, त्याला काही परीक्षा नाही. डॉट ईडीयूवर युनिव्हर्सिटीच्या विभागाचं पान असतं तसंच एखाद्या विद्यार्थ्याचा होमवर्क पण असतो. पत्त्याच्या शेपटीवरून काही ठरवू नकोस, आणि साइट किती देखणी आहे, "आमच्याविषयी" मध्ये काय लिहिलंय, यावरून तर मुळीच नको.

याच्यावर एक सुंदर अभ्यास आहे स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा, २०१७ चा. त्यांनी ४५ जण घेतले, १० इतिहासाचे पीएचडी झालेले अभ्यासक, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी, आणि त्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. त्यात एक जोडी होती बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची. एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली. दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स, २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या मुद्द्यावरून पहिलीतून फुटून निघालेला एक छोटा गट. नावं जवळपास सारखी, दोन्ही साइट व्यवस्थित, दोन्हीकडे डॉक्टर, दोन्हीकडे लेखाखाली रेफरन्स. बहुतेक विद्यार्थ्यांनी छोट्या गटाची साइट जास्त भरवशाची ठरवली! आणि इतिहासाच्या पीएचडींपैकी पण बरेच जण चकले. ही हुशार आणि वाचणारी माणसं होती बरं का. फसली कशी, तर त्याच पानावर बसून वरपासून खालपर्यंत नीट वाचत राहिली. फॅक्ट चेकरनी उलटं केलं, पान उघडलं आणि जवळजवळ लगेच सोडलं, नवीन टॅब उघडले, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं, आणि मग परत आले. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो त्यापेक्षा चार लोक त्याच्याबद्दल काय सांगतात ते ऐकावं, तसंच हे.

तर तू पण हेच कर. अनोळखी साइट किंवा संस्था आली की तिचं नाव सर्चमध्ये टाक, मागे कोण आहे, पैसा कोण देतं, कोणाचं म्हणणं पुढे रेटण्यासाठी स्थापन झालीय हे बघ. यासाठी विकिपीडियासुद्धा चालेल. हो, चालेल. विकिपीडिया रेफरन्स म्हणून द्यायचा नाही पण विषयाची तोंडओळख करून घ्यायला आणि लेखाखालच्या तळटिपांवरून मूळ सोर्सपर्यंत जायला तो फार उपयोगी आहे. फक्त तिथलं वाक्य उचलू नकोस. २००९ मध्ये मोरीस जार हे संगीतकार गेले तेव्हा आयर्लंडमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडिया पानावर स्वतः बनवलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं, आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते मृत्युलेखात छापलं. त्याने स्वतःहून कळवलं म्हणून दुरुस्ती झाली. म्हणजे तुला नंतर तेच वाक्य वर्तमानपत्रात सापडलं असतं आणि तू म्हणाली असतीस, बघा, पेपरात पण आलंय!

पीअर रिव्ह्यूबद्दल थोडं. छापण्याआधी त्या विषयातले दोन-तीन जाणकार लेख वाचतात, शंका काढतात, दुरुस्त्या मागतात, ही चाळणी खूप मोलाची आहे आणि पीअर रिव्ह्यू झालेल्या पेपरला वेबसाइटपेक्षा वजन असावं हे बरोबरच आहे. पण रिव्ह्यू करणारे प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत, डेटा खरा आहे असं धरूनच सहसा वाचतात. म्हणून लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये १९९८ साली लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा पेपर छापला गेला आणि पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडलं. २०२० मध्ये कोविडच्या औषधावरचा एक पेपर, हजारो पेशंटचा डेटा असल्याचं सांगणारा, त्याच जर्नलने दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला कारण मूळ डेटा कोणाला तपासायलाच मिळेना. मागे घेतलेले पेपर नेटवर तसेच पडून असतात, एखाद्या साइटवरच्या जुन्या पीडीएफवर शिक्काही नसतो, आणि लोक वर्षानुवर्षं साइट करत राहतात. तुझे सगळे पेपर एकदा रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये शोधून बघ, मागे घेतलेल्या पेपरांची ती नोंद आहे, २०२३ पासून तो क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांसाठी खुला आहे. त्याहून सोपं म्हणजे झोटेरो नावाचं रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे, तुझ्या यादीतला एखादा पेपर मागे घेतलेला असेल तर तो स्वतःच लाल पट्टी दाखवतो. रेफरन्सची यादी पण तोच लावून देईल, ते काम हाताने करू नकोस.

पैसे भरा म्हणणाऱ्या जर्नलचा तो ईमेल डिलीट कर. आठवड्यात छापतो म्हणणाऱ्याने रिव्ह्यू कधी करायचा? २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घालून एक खोटा पेपर तयार केला आणि ३०४ ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. असल्या जर्नलमध्ये तुझा पेपर देऊ नकोस हे तर झालंच, पण तिथले पेपर साइट पण करू नकोस, आणि तुझ्या चाळीसमध्ये असे किती आहेत ते आजच बघ. ओळखायचं कसं, तर संपादक मंडळातली दोन-चार नावं घे आणि त्या लोकांच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का बघ, काही वेळा त्या बिचाऱ्यांना आपलं नाव वापरलंय हेही माहीत नसतं. एकाच जर्नलमध्ये शेती, नर्सिंग, साहित्य आणि इंजिनिअरिंग सगळं एकत्र असेल तर सावध हो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा साइट होतात तो आकडा, म्हणून कुठलातरी भलताच आकडा मिरवतात, त्यावर जाऊ नकोस. फी घेतात म्हणून मात्र सगळ्यांना खोटं ठरवू नकोस, चांगली ओपन ॲक्सेस जर्नलं पण लेखकाकडून फी घेतात, डीओएजे नावाची त्यांची यादी आहे २००३ पासूनची, तिथे नाव आहे का बघ. नाव आहे म्हणजे सगळं झालं असं नाही, पण सुरुवात चांगली.

पाच वर्षांचा नियम काही विषयांत ठीक आहे, औषधोपचार, टेक्नॉलॉजी वगैरे. तुझ्या विषयात सरसकट लावलास तर मुळंच तोडशील. एखादी कल्पना पहिल्यांदा मांडली गेली तो पेपर जुना असला तरी तोच द्यायचा. पण त्यानंतर काय झालं हे पण बघायचं, आणि तुझ्या चॅप्टरमध्ये नेमकं हेच राहिलंय. तू २०१४ चा म्युलर आणि ओपनहायमर यांचा पेपर दिलायस, लॅपटॉपपेक्षा हाताने नोट्स काढणाऱ्यांना संकल्पना जास्त समजतात असं सांगणारा. छान पेपर आहे, खूप गाजला. पण २०२१ मध्ये त्याच जर्नलमध्ये, सायकॉलॉजिकल सायन्समध्ये, दुसऱ्या टीमने त्यातला पहिला प्रयोग पुन्हा करून बघितला, लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवून घेतात हे त्यांनाही दिसलं, पण परीक्षेत हाताने लिहिणारे पुढे गेलेले काही दिसले नाहीत. हे दोन्ही एकत्र मांडलंस की तुझ्या पॅरिग्राफला एकदम वजन येईल, आणि तुला वाटतं तसं तुझं म्हणणं पडणार नाही, उलट वाचणाऱ्याला कळेल की हिने विषय खरंच वाचलाय.

हे सापडतं कसं? गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली "साइटेड बाय" असतं, तिथे क्लिक केलं की त्या पेपरला नंतर कोणी कोणी साइट केलं ते येतं. मग त्यातच शोधायचं, रेप्लिकेशन किंवा मेटा ॲनालिसिस शब्द टाकून. रेप्लिकेशन म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करून बघणं. मेटा ॲनालिसिस म्हणजे एकाच प्रश्नावरचे बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष, तुझ्या विषयावर असे आहेत, आधी तेच वाच, वीस सुटे पेपर शोधत बसण्यापेक्षा विषयाचा नकाशा लवकर कळेल. पण गूगल स्कॉलर स्वतः काही निवड करत नाही हं, तिथे बोगस जर्नल पण येतात, प्रीप्रिंट म्हणजे अजून रिव्ह्यू न झालेले पेपर पण येतात. प्रीप्रिंट वापरायला हरकत नाही, फक्त तसं नमूद कर आणि नंतर तो जर्नलमध्ये आलाय का बघ. आणि साइटेड बायचा आकडा मोठा म्हणजे पेपर चांगला असं समजू नकोस, वरच्या पत्राचे ६०८ आठव.

एआयचे सहा. जे दोन सापडत नाहीत ते नाहीतच, शोधण्यात अजून वेळ घालवू नकोस. ही यंत्रं खऱ्यासारखा दिसणारा मजकूर तयार करतात, त्यात खऱ्या लेखकाचं नाव, खऱ्या जर्नलचं नाव आणि अस्तित्वात नसलेलं शीर्षक असं मिश्रण सहज होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा खटले दाखले म्हणून सादर केले, सहाही नव्हतेच, कोर्टाने ५००० डॉलर दंड केला. उरलेले चार सापडले म्हणतेस, पण सापडणं पुरेसं नाही, डीओआय नंबर, म्हणजे पेपरचा ओळख क्रमांक, डीओआय डॉट ओआरजीवर टाक आणि उघडणारा पेपर तोच आहे का बघ, कधी नंबर खरा असतो पण पेपर भलताच निघतो. आणि मग वाच, चॅटबॉटने सांगितलेलं त्यात खरंच लिहिलंय का ते. शोधायचे शब्द सुचवायला, अवघड पॅरिग्राफ समजून घ्यायला वापर हवं तर, पण पेपर वाचायचं काम त्याला देऊ नकोस.

अजून एक, कारण तू आता घाबरून सगळ्या बातम्या आणि रिपोर्ट काढून टाकशील. सोर्स चांगला की वाईट हे तो तू कशासाठी वापरतेस त्यावर ठरतं. मायक्रोसॉफ्टचा तो २०१५ चा रिपोर्ट एकाग्रता ८ सेकंद आहे याचा पुरावा म्हणून शून्य, पण कंपन्या आणि माध्यमं विद्यार्थ्यांच्या लक्षाबद्दल कशी बोलतात, एक न मोजलेला आकडा कसा पसरतो, हे दाखवायला त्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मी तुझ्या जागी असते तर चॅप्टरची सुरुवात त्यानेच केली असती, आधी तो आकडा, मग तो कुठून आला, आणि मग प्रत्यक्ष मोजणारे अभ्यास काय सांगतात. पहिलं वाक्य फुकट जाणार नाही तुझं, फक्त "सिद्ध झाले आहे" जाईल.

तीन आठवडे पुरतील, पण चाळीसच्या चाळीस तपासायला एकदम बसू नकोस. आधी चॅप्टर वाचून अशी वाक्यं काढ जी काढली तर तुझा मुद्दाच पडेल, दहा-बारा निघतील. त्यांचा एक साधा तक्ता कर, माझं वाक्य, हे कोणी मोजलं, कोणावर आणि कितीजणांवर, मी काय वाचलं, अख्खा पेपर की नुसता ॲबस्ट्रॅक्ट, पान नंबर, पैसा कोणी दिला, आणि नंतर कोणी याच्या विरुद्ध काही दाखवलंय का. ज्या ओळीत दुसरा रकाना रिकामा राहील ते वाक्य एकतर बदल किंवा काढ. मोबाइलमुळे लक्ष कमी होतं असं लिहिलंयस तिथे अभ्यास फक्त सर्व्हे असेल तर "मोबाइल जास्त वापरणाऱ्यांमध्ये लक्ष कमी आढळलं" इतकंच लिहिता येतं, "मुळे" हा शब्द मिळवायला प्रयोग लागतो. हे तुझ्या पानावर चार ठिकाणी झालंय, मी खुणा करून पाठवतेय.

आणि चाळीसचे बावीस राहिले तर राहू देत. आकडा कमी झाला म्हणून घाबरून पुन्हा भरती करू नकोस, गाइडना भेटायला जाशील तेव्हा तक्ता सोबत ने आणि जिथे तुला स्वतःलाच शंका आहे त्या ओळी आधी दाखव, त्या बावीसमधले कुठले ठेवायचे ते ते तुला सांगतील.